दोन तास आणि उरलेले बावीस

चढाचा शेवटचा टप्पा होता. सगळ्यात हलका गिअर केव्हाच टाकून झाला होता. तोंडाने श्वास चालला होता, छातीतले ठोके कानात ऐकू येत होते, आणि शेजारून चाललेल्या मैत्रिणीने काही विचारलं तर मी नुसती मान हलवत होते. अशात मनगट जरासं वळवून घड्याळात पाहिलं. ठोके : १०४.

दोन मजले जिना चढून आले की माझे ठोके साधारण एवढेच असतात. क्षणभर मला खरंच वाटलं, की आपण उगाच धापा टाकतोय, शरीराला काही एवढे कष्ट पडत नाहीयेत. माथ्यावर पोचले, दोन्ही पाय टेकले, हँडलवरची मूठ सोडली आणि हात सैल सोडून उभी राहिले. आणि मग डोळ्यांदेखत आकडा चढायला लागला. ११८. १३९. १५१. श्वास खाली बसत होता आणि आकडा वर जात होता.

पुढच्या रविवारी मैत्रिणीने तिचा छातीला बांधायचा पट्टा माझ्या हातात ठेवला. "हा बांध आणि तोच चढ पुन्हा चढून बघ," म्हणाली. त्याच वळणावर पट्ट्याने १६८ दाखवले. मनगटावरचा आकडा तेव्हाही १०९ होता.

जवळजवळ साठ ठोक्यांचा फरक. त्या घड्याळाच्या खोक्यावर पन्नासेक खेळप्रकारांची यादी होती आणि ती वाचूनच मी ते घेतलं होतं. यात सगळ्यात जास्त गोष्टी आहेत ना, मग झालं, एवढाच माझा विचार. हे घड्याळ माझ्या दिवसातल्या कोणत्या तासांसाठी आहे, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. सायकलवर मी असते दिवसाचे दोन तास, तेही रोज नाही. उरलेले बावीस तास मी चालते, बसते, जिने चढते, झोपते. एकच घड्याळ दोन्हीकडे हवं असतं, पण या दोन्ही ठिकाणी त्याच्याकडून मागायच्या गोष्टी फार वेगळ्या आहेत. दुसरं घड्याळ निवडायला मी चार महिने घेतले, आणि त्या चार महिन्यांत जे कळलं ते इथे लिहिते आहे.

आधी त्या १०४ बद्दल. घड्याळ उलटं करून पाहिलं की पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांमध्ये रक्ताची लाट येते, त्या क्षणी प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत कमी येतो. या कमीजास्तीवरून घड्याळ ठोके मोजतं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाबतीत हे फार छान जमतं. सायकलवर मात्र मनगटाची अवस्था अगदी वाईट असते. ते मागे वाकलेलं असतं. चढावर मूठ आवळलेली असते, त्यामुळे तिथले स्नायू आणि शिरा ताठतात आणि त्वचेकडचं रक्त कमी होतं. रस्ता खडबडीत असेल तर घड्याळ सतत थरथरतं आणि त्या थरथरीचीही लाटच दिसते. थंडीत हात गार पडले की आणखी पंचाईत. त्वचेचा रंग गडद असेल किंवा त्या जागी गोंदलेलं असेल, तर प्रकाश आत-बाहेर करायलाच अडथळा होतो. माथ्यावर मी मूठ सोडली तेव्हा आकडा वाढला, तो याचमुळे. घड्याळाला तेव्हा कुठे माझी नाडी सापडली होती.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून, पट्टा एक भोक आवळून बांधलं की बरंच सुधारतं. हे मी आता सगळ्यांना सांगते. पण सायकलवर पूर्ण भरवसा ठेवावा इतकं ते सुधारत नाही, निदान माझ्या मनगटावर तरी नाही.

छातीचा पट्टा प्रकाशाच्या भानगडीत पडतच नाही. हृदय आकुंचन पावताना जो विजेचा सूक्ष्म संदेश निघतो, तोच तो त्वचेवरून उचलतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये असा बिनतारी पट्टा बाजारात आणला, म्हणजे ही युक्ती चाळीस वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्याइतकं खात्रीचं काही साध्या खेळाडूच्या हाती अजून आलेलं नाही. त्याचे लाडही करावे लागतात. बांधण्याआधी आतल्या बाजूच्या दोन रबरी पट्ट्या पाण्याने ओल्या करायच्या, नाहीतर पहिली दहा मिनिटं वेडेवाकडे आकडे येतात. गार ओला पट्टा भल्या पहाटे छातीला लागला की अंगावर सर्रकन काटा येतो. मग पुढचं बटण टक्‌कन बसवायचं. परत आल्यावर ते बटण काढून ठेवायचं, कारण ओल्या पट्ट्यावर तसंच राहिलं तर त्याची बॅटरी उतरत राहते. पट्टा घामाचा असतो, तो धुवायचा. एवढं केलं की तो वर्षानुवर्षं साथ देतो.

पट्टा घ्यायचा ठरला आणि घड्याळाचा प्रश्न एकदम सोपा झाला. सायकलवर मनगटाचे ठोके मला आता नकोच होते. मग घड्याळाला विचारायचं ते एवढंच, की तू पट्ट्याचं ऐकतोस का? आणि पुढे कधी चाकाच्या वेगाचा किंवा पॅडलच्या फेऱ्यांचा सेन्सर लावला तर त्याचंही ऐकशील का? हे संभाषण दोन भाषांत चालतं, ब्लूटूथ आणि अँट प्लस. बहुतेक नवे सेन्सर दोन्ही बोलतात, पण घड्याळांचं तसं नाही. अ‍ॅपलच्या घड्याळाला अँट प्लस येत नाही, आणि सायकलचे ब्लूटूथ सेन्सर थेट जोडायची सोयसुद्धा त्यात २०२३ पासून आली. कुणाकडे आधीचे सेन्सर पडून असतील तर खरेदीआधी एवढं जुळवून पाहायलाच हवं. उलट दिशेची सोयही पाहण्यासारखी आहे. काही घड्याळं आपण मोजलेले ठोके हँडलवरच्या छोट्या सायकल कॉम्प्युटरकडे पाठवू शकतात. ज्यांना पट्टा बांधणं नकोच वाटतं, त्यांना तेवढाच आधार.

पट्टा असला की घड्याळ मनगटावर असण्याचीही सक्ती राहत नाही. रबराचा एक गोल तुकडा मिळतो, तो हँडलवर चढवून त्यावर घड्याळ बांधता येतं. उतारावर वेग पाहायला मनगट वळवणं म्हणजे एक हात हँडलवरून ढिला करणं, आणि मला ते कधीच बरं वाटलं नाही. हँडलवर घड्याळ आलं आणि ती धास्ती गेली.

मनगटाचं आणखी एक दुखणं आहे, ते शब्दशः दुखणं. माझं मनगट बारीक आहे. पहिलं घड्याळ होतं सत्तेचाळीस मिलिमीटरचं. ब्रेकवर हात ठेवून मनगट मागे वाकवलं की त्याच्या उजव्या बाजूचं बटण तळहाताच्या मागच्या भागात रुतायचं. दोन तासांनी तिथे वाटाण्याएवढा लाल खड्डा पडलेला असायचा. कितीदा तर ते बटण दाबलं जाऊन नोंद मध्येच थांबायची, आणि आठ-दहा किलोमीटर गेल्यावर ते ध्यानात यायचं. रात्री तेच घड्याळ घालून झोपायचं म्हणजे उशीखाली हात गेला की जाग. मग मी ते रात्री काढून ठेवायला लागले, आणि झोपेची नोंद म्हणून जे काही मिळायचं ते बंद झालं. खरेदीच्या वेळी लोक पडदा पाहतात, रंग पाहतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी मनगट मागे वाकवून पाहा. मग वजन पाहा. तीस-पस्तीस ग्रॅमचं घड्याळ हातात असल्याचं विसरायला होतं. ऐंशी ग्रॅमचं विसरता येत नाही, आणि जे विसरता येत नाही ते रात्री काढून ठेवलं जातं.

आता जीपीएस. सुरुवातीला मी समजत होते की घड्याळ उपग्रहाला विचारतं, मी कुठे आहे, आणि उपग्रह उत्तर देतो. असं काही नसतं. घड्याळ फक्त ऐकतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत एवढंच सांगत असतात, की मी अमुक आहे, अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत. तो संदेश सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने निघतो आणि तरी खाली यायला सेकंदाचा पंधरावा हिस्सा घेतो. तो किती उशिरा पोचला यावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांवरून जागा निघायला हवी, पण हातातल्या घड्याळाची वेळ उपग्रहांच्या अणुघड्याळांइतकी नेमकी नसते, म्हणून ती चूक काढायला चौथा लागतो. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर तीनशे मीटरची चूक. तिकडे वर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून उपग्रहांची घड्याळं इथल्यापेक्षा जलद चालतात, आणि वेगामुळे थोडी हळूही. दोन्हींचा हिशेब मांडला तर दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार ती दुरुस्ती केली नसती तर चूक रोज दहा-अकरा किलोमीटरने वाढत गेली असती. माझ्या फेरीची रेघ नकाशावर नेमक्या त्या रस्त्यावर उमटते, त्यामागे एवढं सगळं उभं आहे. हे वाचलं त्या दिवसापासून त्या रेघेकडे मी वेगळ्या डोळ्यांनी पाहते.

ही सेवा सामान्यांच्या हाती आली त्याची गोष्ट दुःखद आहे. १९८३ मध्ये दक्षिण कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं, की ही लष्करी यंत्रणा तयार झाल्यावर नागरी वापरासाठी खुली असेल. तरीही कित्येक वर्षं सामान्यांचा संदेश मुद्दाम बिघडवून दिला जाई आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. तो बिघाड मे २००० मध्ये काढला गेला. तीन वर्षांनी, २००३ मध्ये, गार्मिन कंपनीचं पहिलं फोररनर घड्याळ मनगटावर आलं. म्हणजे आपण ज्या सोयीवर आज कुरकुर करतो, ती तशी फार जुनी नाही.

कुरकुर मीही केली. नदीकाठच्या रस्त्यावरून परत आले आणि नकाशा उघडला, तर रेघ पाण्यातून गेलेली. उंच इमारतींच्या मधून गेले तिथे ती एका बाजूच्या भिंतींतून आरपार. उपग्रहाचा संदेश खाली येईपर्यंत फारच क्षीण झालेला असतो. काच, भिंत, ओली पानं यांवर तो आपटतो, परावर्तित होऊन उशिरा पोचतो, आणि घड्याळाला वाटतं की उपग्रह तेवढा लांब आहे. यावरचा अलीकडचा उपाय म्हणजे एकाच उपग्रहाचे दोन वेगळ्या वारंवारितांवरचे संदेश ऐकणं. दुसरा संदेश, ज्याला एल-फाइव्ह म्हणतात, त्याची रचनाच अशी आहे की थेट आलेला कोणता आणि आपटून आलेला कोणता हे जास्त नीट ओळखता येतं. शिवाय वातावरणाच्या वरच्या थरांत होणारा उशीरही दोन्हींची तुलना करून काढता येतो.

मग अशा दोन वारंवारितांचं घड्याळ घ्यावं का? मी यावर बरेच दिवस घोळत होते. उघड्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला त्याचा फायदा फार थोडा, असं माझं मत झालं आहे. आपण चालणाऱ्यापेक्षा पाचपट वेगाने पुढे जात असतो, रेघ सरळ असते, आणि तीन-चार मीटरचा इकडचा तिकडचा फरक एकूण अंतरात मिसळून जातो. गर्द झाडीतून, दरीच्या कडेने किंवा उंच इमारतींमधून रोज जाणाऱ्याने ते जरूर घ्यावं. बाकीच्यांनी जीपीएसच्या जोडीला गॅलिलिओ, ग्लोनास, बैदू या तशाच दुसऱ्या यंत्रणांचे उपग्रह ऐकणारं साधं घड्याळ घेतलं तरी काही बिघडत नाही. त्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती पूर्णपणे आपल्या हातात आहे. निघण्याआधी थांबणं. उपग्रह आपल्या मार्गाची माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिटांच्या संथ चालीने सांगतो. तिची एक चौकट पुरी व्हायला ३० सेकंद लागतात. घड्याळ आदल्या रात्री फोनशी जुळवलं असेल तर ही माहिती त्याच्याकडे आधीच येऊन पडलेली असते. नसेल तर उघड्या आकाशाखाली मिनिटभर उभं राहायचं. पहिल्या एक-दोन किलोमीटरची रेघ वेडीवाकडी का येते, असं मला अनेकांनी विचारलं आहे. बहुतेकदा कारण हेच असतं. घाई.

उंचीचं मात्र मी ठामपणे सांगेन, हवेचा दाब मोजणारं घड्याळच घ्यावं. सगळे उपग्रह आपल्या डोक्यावरच असतात, पायाखालून कुणी बोलत नाही, त्यामुळे जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा कायम जास्त चुकते. दाब साधारण आठ मीटरला एक हेक्टोपास्कल असा उतरतो, आणि तो बारीक फरक घड्याळाला सहज कळतो. फक्त फेरीच्या मधेच हवा पालटली तर घड्याळाला वाटतं आपण चढलो किंवा उतरलो. पावसाच्या दिवशी घरी परतल्यावर सुरुवातीपेक्षा वीस मीटर उंचावर पोचल्याचं मी पाहिलं आहे. दाब मोजायचं ते बारीक भोक घामाने आणि धुळीने बुजतं, म्हणून घड्याळ नळाखाली धरून धुवायची सवय लावून घ्यावी.

पडदा, बटणं, बॅटरी. ओल्या बोटांना आणि हातमोज्यांना पडद्याचा स्पर्श कळत नाही, म्हणून बटणं हवीतच. भडक रंगांचा पडदा घरात मोहवतो, पण जो पडदा ऊन पडेल तसा अधिक स्पष्ट दिसतो तो मला रस्त्यावर जवळचा वाटला, आणि तो बॅटरीही कमी खातो. बॅटरीचे तास खोक्यावर लिहिलेले असतात ते नव्या बॅटरीचे, साध्या सेटिंगवरचे. दोन-तीन वर्षांनी ती उतरणारच, म्हणून आपल्या सर्वात लांब फेरीच्या दुप्पट तास असतील तर निश्चिंत राहता येतं.

आता बावीस तासांकडे येते. घड्याळाचं खरं मोल मला तिकडेच कळलं.

विश्रांतीत असताना माझे ठोके मिनिटाला ५४ च्या आसपास असतात. एका सोमवारी सकाळी ६० होते. मंगळवारी ६२. मला काहीच होत नव्हतं, घसा ठीक, अंग ठीक. मंगळवारी संध्याकाळी ठरल्याप्रमाणे सायकल घेऊन गेले आणि नेहमीच्या वेगाला पट्टा पंधरा ठोके जास्त दाखवत होता. बुधवारी पहाटे हुडहुडी भरून ताप आला. शरीराला दोन दिवस आधीच कळलं होतं. तेव्हापासून सकाळचा तो एक आकडा मी रोज पाहते आणि तो चार-पाचने वर असला की त्या दिवशी चढाच्या वाटेला जात नाही. गंमत अशी की हे काम मनगटावरच्या त्याच हिरव्या दिव्याचं. चढावर ज्याने मला १०४ सांगितलं, तोच झोपेत असताना नेमकं बोलतो, कारण तेव्हा मनगट स्थिर असतं, सैल असतं, उबदार असतं. एवढ्यासाठी घड्याळ रात्री हातावर राहायला हवं, आणि ते हातावर राहावं म्हणून हलकं हवं. दोन तासांची गरज पट्ट्याने भागवली, म्हणून बावीस तासांसाठी हलकं घड्याळ घेता आलं.

पण बावीस तासांतले सगळेच आकडे सारखे विश्वासाचे नाहीत. कॅलरींचा तर मी विचारच सोडला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली. ठोके सातपैकी सहांनी बऱ्यापैकी बरोबर सांगितले. खर्च झालेली ऊर्जा मात्र एकालाही नीट सांगता आली नाही. त्यातल्या त्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. सायकलवाल्यांकडे याला उत्तर आहे, पॅडलवरचा जोर मोजणारा पॉवर मीटर. माणसाच्या शरीरातल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो, आणि एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोजूल, त्यामुळे पॉवर मीटरने मोजलेले किलोजूल आणि खर्चलेल्या किलोकॅलरी जवळपास एकच येतात. तासभर १५० वॉट म्हणजे ५४० किलोजूल, म्हणजे ढोबळमानाने ५४० किलोकॅलरी. पण तो मीटर नसेल तर त्या आकड्यावर भूक-तहानेचे निर्णय घेऊ नयेत.

तसाच दुसरा आकडा कमाल ठोक्यांचा. घड्याळ नवं असताना वय विचारतं आणि २२० मधून ते वजा करून मोकळं होतं. माझं वय ४३, म्हणजे कमाल १७७. हे सूत्र १९७१ च्या आसपासचं आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी जास्त माणसांच्या नोंदी तपासून २०८ वजा वयाच्या ७० टक्के असं सुधारलेलं सूत्र दिलं. त्यानेही माझे १७८ च येतात. पण सूत्र सरासरीचं असतं आणि माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. पट्टा बांधून, पूर्ण ताकद लावून, मी स्वतः १८८ पाहिले आहेत. म्हणजे चढावरचे १६८ घड्याळाच्या हिशेबाने ९५ टक्के, आणि माझ्या खऱ्या हिशेबाने ८९. मधल्या काळात जुनं घड्याळ मला प्रत्येक फेरीनंतर फार ताण झाला, दोन दिवस विश्रांती घ्या असं सांगत होतं, आणि मी ते मुकाट्याने ऐकत होते. नवं घड्याळ हातात आल्यावर पहिल्याच दिवशी मी तो आकडा स्वतःच्या हाताने बदलला.

जुनं घड्याळ मी आईला दिलं.

तिला त्याचं फार कौतुक. वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण रोज संध्याकाळी फिरायला जाणं चुकत नाही. आठवड्याने भेटले तर चेहरा उतरलेला. म्हणाली, "अगं, हे रोज सांगतं की माझं ध्येय पुरं झालं नाही. दहा हजार काही होत नाहीत माझ्याने. पाच हजार पुरे व्हायलाच गुडघे बोलायला लागतात."

मला भडभडून आलं. कारण तो दहा हजार कुठून आला हे मला तोवर कळलं होतं. १९६५ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नाव ठेवलं मान्पो-केई. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल, केई म्हणजे मोजणारं. एका विक्रीच्या वस्तूचं ते नाव होतं, आणि तोच आकडा पुढे जगभरच्या मनगटांवर येऊन बसला. २०१९ मध्ये अमेरिकेत १६,७४१ स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२, म्हणजे आईच्याच वयाच्या. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चारेक वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. ७,५०० नंतर तो फायदा वाढताना दिसला नाही. चालल्यामुळेच आयुष्य वाढलं असं यातून सिद्ध होत नाही, पण पाच हजार म्हणजे अपयश नाही, एवढं नक्कीच दिसतं.

तिच्याशेजारी बसून मी ध्येय बदलून ४,५०० केलं. मग दोघी फिरायला निघालो, आणि माझ्या लक्षात एक गोष्ट आली. आई चालते तेव्हा दोन्ही हात पाठीमागे बांधते. डाव्या मनगटाला उजव्या हाताने धरून. आयुष्यभर ती तशीच चालत आली आहे, मी लहानपणी तिच्या मागून चालायचे तेव्हा मला तेच हात दिसायचे. घड्याळ पावलं मोजतं ते हाताच्या हेलकाव्यावरून. हात धरून ठेवला की कितीतरी पावलं हिशेबात येतच नाहीत. (सायकलवर पावलं मोजली जात नाहीत त्याचं कारणही हेच, हात हँडलवर स्थिर.)

"आई, डावा हात मोकळा सोड बरं जरा."

"मला तसं चालताच येत नाही गं. हात लोंबतोय असं वाटतं."

मोबाईल तिच्या सदऱ्याच्या खिशात टाकून आम्ही एक फेरी मारली. दोन्ही आकडे ताडून पाहिले तर घड्याळ पाव हिस्सा पावलं गाळत होतं. म्हणजे तिचे पाच हजार कधीच पाच हजार नव्हते. तिचा चेहरा असा खुलला की मी ते वर्णन करू शकत नाही. हात मात्र तिने पुन्हा पाठीमागेच बांधले, आणि मीही पुन्हा काही म्हटलं नाही.

मी अखेर घेतलं ते बेचाळीस मिलिमीटरचं, पाच बटणांचं, उन्हात स्पष्ट दिसणाऱ्या पडद्याचं, दाब मोजणारं घड्याळ. एकाच वारंवारितेचं. पट्टा वेगळा घेतला. संगीत नाही, फोन उचलायची सोय नाही. त्यातली नोंद फाइल करून बाहेर काढता येते, हे मी आवर्जून पाहिलं, कारण उद्या हे घड्याळ बदललं तरी माझ्या फेऱ्या माझ्यापाशी राहायला हव्यात. आणि फेऱ्यांच्या नोंदी सगळ्यांना दिसणार असतील तर घराभोवतीचा भाग लपवून ठेवला. २०१८ च्या जानेवारीत, फेऱ्या नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपने छापलेल्या जगभरच्या फेऱ्यांच्या नकाशावर लष्करी तळांच्या आतल्या धावण्याच्या वाटासुद्धा उजळून दिसल्या होत्या. सैनिकांचं जिथे कळलं तिथे एकट्याने पहाटे निघणाऱ्या बाईने जपूनच राहायला हवं.

मात्र एका व्यक्तीला मी माझी जागा मुद्दाम दाखवते. घड्याळ फोनच्या मदतीने मी कुठे आहे ते निवडलेल्या माणसांना दाखवू शकतं. मी निघाले की आईच्या मोबाईलवर एक दुवा जातो. तिला नकाशा वाचता येत नाही, पण त्यावरचा निळा ठिपका पुढे सरकताना कळतो. तेवढा तिला पुरतो.

गेल्या रविवारी पहाटे उघड्यावर उभी राहिले. पट्टा ओला करून बांधला होता. पडद्यावरची कड लाल होती, मग पिवळी झाली, मग हिरवी. बटण दाबलं आणि निघाले. चढाच्या त्या वळणावर १६६ होते आणि मैत्रिणीच्या प्रश्नाला मी एका शब्दात का होईना उत्तर दिलं. माथ्यावर आम्ही दोघी थांबलो, बाटल्या काढल्या, पाचेक मिनिटं गेली असतील. फोन वाजला.

"ठिपका थांबलाय गं," आई म्हणाली. "पाणी पितेयस ना?"